अण्णांच्या हयातीतलं मुंडण

चहा ओता, सांगतो. फक्त एक करा, हसायचं ते मधेमधेच हसून घ्या. शेवटाला कुणी हसलं की मला राग येतो. आमची ही म्हणते, मग सांगायचाच कशाला तो किस्सा? अहो, सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी काय करू!

माणसाच्या हातून चुका होतातच. कुणी देवळातनं दुसऱ्याची चप्पल घालून येतं. कुणी भलत्याच मांडवात जेवून, वर आहेर करून येतं. मी काय केलं असेल? मी माझा धडधाकट बाप मारला. अण्णा तिकडं आटपाडीच्या माळावर मेंढरं राखतायत, आणि मी इकडं साताऱ्यात बसून त्यांच्या मरणाचं पिठलं खातोय!

असं बघू नका माझ्याकडं. नीट पहिल्यापासनं सांगतो.

ते लॉकडाऊनचं पहिलं साल. मी गोडोलीत राहतो, बारा फ्लॅटची सोसायटी आहे आमची. हायस्कूलला चित्रकला शिकवतो. आणि सोसायटीचा सचिव. सचिव म्हणजे काय हो, टाकी भरली का बघायची आणि मोटार बंद करायची. पण लॉकडाऊन लागला आणि माझ्या अंगात एकदम कलेक्टर शिरला. भाजीवाला गेटबाहेर. पेपरवाला बंद. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या. आणि गेटवर पाटी, माझ्या हातची, पोस्टर कलरमध्ये, लाल किनार देऊन: 'बाहेरगावच्या व्यक्तीस प्रवेश नाही. नातेवाईक असला तरी नाही.' खाली झोकदार सही.

पाटी इतकी देखणी झाली होती की शेजारच्या दोन सोसायट्यांनी फोटो काढून नेला. मी फुगलो.

आमची ही आणि मुलगी चार दिवसांसाठी फलटणला माहेरी गेलेल्या, त्या तिकडंच अडकल्या. म्हणजे घरात मी एकटा. मला स्वयंपाकातलं काय येतं? नूडल्स येतात. आणि खिचडी येते, पण ती करपल्याशिवाय येत नाही.

पाटी लावली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन.

"तान्या, येऊ का रं तिकडं चार दिस? हितं करमंना."

करमणार कसं? आई आदल्या दिवाळीत गेली. माळावर एकटं घर, पाचपंचवीस मेंढरं, आणि बोलायला कुणी नाही. एरवी अण्णा साताऱ्याला या म्हटलं तरी यायचे नाहीत. आमच्या घरात त्यांना पाय कुठं ठेवावा ते कळायचं नाही. असा माणूस आपण होऊन 'येऊ का' म्हणतोय. आणि मी काय म्हणावं?

"अण्णा, सोसायटीचा नियम हाय ओ. भाईरच्याला आत घेत न्हाईत."

"मी भाईरचा व्हय?"

"तसं न्हवं... नियमच तसा हाय."

"बरं बरं. ऱ्हाऊंदे."

नियम कुणी केला, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फोन ठेवला. त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं करत महिना गेला. लाज वाटत होती, दुसरं काय!

आता डोक्याकडं येऊ. एप्रिल संपत आला तसे माझे केस कानावर लोंबायला लागले. सलूनं बंद. ओळखीच्या न्हाव्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, मी आलो तर तुमचीच पाटी मला आत सोडायची नाही." बरोबर होतं त्याचं.

मी म्हटलं, अरे, आपण कोण? चित्रकलेचे शिक्षक! वीस वर्षं पोरांना शिकवतोय, कागदाची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी कशी काढायची. आपल्याला आपलं डोकं जमायचं नाही? घेतली शाळेतली हस्तकलेची कात्री आणि राहिलो आरशासमोर उभा.

डावी बाजू थोडी कापली. छान झाली. उजवी कापली, ती जरा जास्त गेली. म्हणून डावी परत कापली. मग ती जास्त गेली. आरशात डावं ते उजवं दिसतं, हे मी वर्गात शिकवतो बरं का! अर्ध्या तासानं कानाच्या वर दोन्हीकडं माळरान झालं. मागं काय चाललंय ते तर दिसतच नव्हतं, हात लावला तर एका जागी सरळ कातडी लागली. शेवटी वैतागलो आणि दाढीच्या वस्तऱ्यानं सगळं सपाट करून टाकलं.

नुसतं टक्कल चाललं असतं हो. पण त्या टकलाखाली माझी झुबकेदार मिशी! आरशात एक गुंड उभा. मीच दचकलो. म्हटलं, मिशी जरा बारीक करू. डावीकडनं बारीक केली, उजवीकडनं केली, परत डावीकडनं... पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नाकाखाली काही उरलं नाही.

तुम्ही आपल्याकडचे, तुम्हाला काय सांगायचं? बाप गेला की दहाव्याला नदीवर बसून माणूस केस आणि मिशी देतो. त्याशिवाय आपल्याकडं दोन्ही एकदम उतरवतंय कोण? पण शपथ सांगतो, माझ्या त्या सपाट डोक्यात हा विचार आला नाही. मी आपला हवा लागते म्हणून खुशीत बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

समोरच्या बाल्कनीत शिंदेकाकू पापड वाळत घालत होत्या. बाई सोन्यासारखी, पण डोळ्यात पाणी कायम तयार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हातातला पापड खाली पडला. पदर तोंडाला लावला, हात जोडले आणि तशाच आत गेल्या.

मी म्हटलं, टक्कल एवढं वाईट दिसतंय?

अर्ध्या तासानं बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही. कडीला पिशवी लटकवलेली. पिशवीत डबा, डब्यात पिठलं, तीन ज्वारीच्या भाकरी. गरम! वाफ निघत होती!

एरवी काकू समोर बसल्या असत्या, "कसं झालं, कधी झालं" विचारलं असतं, आणि सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं. पण करोना! कुणी कुणाच्या दारात थांबत नव्हतं. डबा अडकवायचा, बेल वाजवायची आणि पळायचं. मी पण काही विचार केला नाही. महिनाभर नूडल्स खाल्लेला माणूस पिठल्याला कारण विचारतो काय?

शेवटची भाकरी पुसून खाल्ली आणि मोबाइल बघितला. सोसायटीच्या ग्रुपवर समईचा फोटो. खाली मजकूर: 'आपल्या सोसायटीचे सचिव श्री. खरात सर यांच्या वडिलांचे गावी दुःखद निधन झाले. लॉकडाऊनमुळे सरांना अंत्यदर्शनही घेता आले नाही. सरांनी घरातच विधी उरकले. कोणीही त्यांना फोन करून त्रास देऊ नये.' पाठवणारे आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार. आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

मला घामच फुटला. गावाला जाता आलं नाही म्हणून बिचाऱ्यानं बाथरूममध्ये बसून केस काढले, असं सगळे धरून चालले होते. त्या दिवसांत ते खरं वाटण्यासारखंच होतं हो. किती जणांनी तसं केलं असेल.

मी लगेच लिहायला घेतलं. 'अहो, गैरसमज झालाय. वडील ठणठणीत आहेत. माझे केस कापताना चुकले.' अंगठा आता दाबणार, तेवढ्यात बेल! कडीला दुसरी पिशवी. तिसऱ्या मजल्यावरनं शेंगदाण्याची आमटी, बाजरीची भाकरी, वाटीभर दही.

मी आमटीकडं बघितलं. मोबाइलकडं बघितलं. आणि लिहिलेलं पुसलं.

म्हटलं, रात्रीचं जेवण झाल्यावर सांगू. जेवल्यावर झोप आली. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सकाळी तर थालीपीठ आलं!

आणि नुसत्या जेवणाचं नव्हतं ते. आता सांगतोच तर सगळं सांगतो. लोक माझ्याशी हळू बोलायला लागले. पाणी कमी आलं तरी कुणी ओरडेना. दुधाच्या रांगेत मला पुढं सोडलं. नाक्यावरचा पोलीस, ज्यानं आदल्या आठवड्यात माझ्या पोटरीवर काठी ओढली होती, त्यानं माझं डोकं बघितलं आणि काठी मागं घेतली. "जावा सर. सांभाळा." मी मान खाली घालून निघालो. खोटं बोललो का? एक शब्द बोललो नाही! गप्प बसलो फक्त.

मला ते आवडलं. चांगलंच आवडलं.

फटका बसला रविवारी. कुणाच्या तरी ओळखीनं चोरून बोकड पडलं होतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये मटणाचे वाटे घातले. अकरा वाटे! मी वरनं मोजले. बारावा फ्लॅट माझा. दुपारी सगळ्या जिन्यात रश्शाचा वास. असा वास, की भिंतीला भाकरी लावून खावी! मी दारामागं ताटकळत उभा. बेल वाजली, झडप घातली. पिशवीत दुधीची भाजी आणि चिठ्ठी: 'सर, तुम्हाला आता चालत नसेल म्हणून.'

हसा, हसा. मी पण हसलो असतो, पण तोंडात दुधी होता.

त्या दिवशी ठरवलं, बास. उद्या सगळ्यांना खरं सांगायचं. फुकट डबे खाल्ल्याचं कुणी माफ करणार नाही, पण निदान पुढच्या रविवारी बारा वाटे होतील. तर सोमवारी सुभेदारांचा निरोप: 'आज संध्याकाळी व्हिडिओवर शोकसभा. सर्वांनी कॅमेरा चालू ठेवावा.'

बसलो. काय करणार? बारा चौकोन, बारा तोंडं. एकाचा पंखा दिसतोय, एकाचं नुसतं कपाळ. सुभेदारांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले तशी सगळ्या चौकोनांत पोटं दिसायला लागली. मी हसू दाबत होतो. मग सुभेदार म्हणाले, "सर, वडिलांबद्दल दोन शब्द बोला."

मी म्हटलं, दोन शब्द बोलू, मोकळं होऊ. आणि बोलायला लागलो, तर थांबेनाच. अण्णा मला खांद्यावर बसवून मेंढरांमागं फिरायचे ते सांगितलं. मी चित्रकलेला जायचं म्हणालो तेव्हा सगळी भावकी हसली, आणि अण्णांनी दोन मेंढ्या विकून मला रंगाची पेटी आणली ते सांगितलं. त्यांना सही येत नाही, पण माझं पहिलं चित्र घोंगड्यात गुंडाळून ठेवलंय ते सांगितलं. आणि मग तोंडातनं निघून गेलं, "ते इथं यायचं म्हणत होते हो. आई गेल्यापासून एकटे होते. मी नको म्हणालो."

आणि मी रडलो. खरा रडलो! बाप जिवंत, आणि मी हुंदके देऊन रडतोय. त्यातलं एक अक्षर मी अण्णांना तोंडावर कधी बोललो नव्हतो. ते बोलायला मला बारा चौकोन लागले आणि ते मेलेले लागले.

"सर, तुमची काय चूक? नियमच होता," शिंदेकाकू डोळे पुसत म्हणाल्या.

आता तरी सांगावं की नाही? आता कसं सांगणार! एवढं रडल्यावर 'वडील आहेत' म्हणायला तोंड कुठनं आणू?

सभा संपता संपता सुभेदार म्हणाले, "सर, एक केलंय मी. आटपाडीकडचा एक जवान होता माझ्या हाताखाली. त्याच्याकडनं तुमच्या गावच्या पोलीस पाटलांचा नंबर घेतला. शनिवारीच फोन करून सोसायटीच्या वतीनं सांत्वन कळवलंय."

मी कॅमेरा बंद केला. अण्णांना फोन लावला. बंद! परत लावला. बंद! पोलीस पाटलाला लावला.

"तान्या, आरं काय चालवलंयस तू तिकडं?" पाटील नुसता तापलेला. "त्या सुभेदाराचा फोन आला तवा मी अण्णांच्याच दारात बसलो हुतो. अण्णा समोर शेळीची धार काढत हुतं!"

"मग?"

"मग काय? म्या म्हटलं, अण्णा, तुमी वारलाय म्हणं. तान्यानं डुई केलीया, समदं क्यास काढल्यात. म्या हसत हुतो रं. मला वाटलं, त्येबी हसत्याल."

"काय म्हणाले?"

"न्हाई हसलं. इचारलं, मिशीबी काढलीया? म्या म्हटलं, सुभेदार तर तसंच सांगतुया. तशी चरवी खाली ठिवली. घोंगडं घेतलं, पाच मेंढरं सोडली आन् निघालं."

"कुठं?"

"मला काय सांगून गेल्यात व्हय? फोन खाटंवरच पडलाय. बाकीची मेंढरं तुझा चुलता बघतुया."

शनिवारी निघाले होते. त्या दिवशी सोमवार. आता मी काय करायला पाहिजे होतं, सांगा बघू? पास काढून शोधायला जायला पाहिजे होतं. ते नाही तर निदान ग्रुपवर खरं सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं? घरात येरझाऱ्या घातल्या. कडीला आलेला डबा उघडला, तोही खाल्ला. दोन दिवस असेच काढले.

बुधवारी सकाळी वॉचमन बाजीरावचा फोन.

"सर, खाली या. गेटावर मेंढरं आल्यात."

मी टकलावर टॉवेल टाकला, मास्क लावला आणि जिन्यानं पळत सुटलो. गेटच्या पलीकडं अण्णा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पायात टायरची पायताणं, पिंढऱ्यांपर्यंत धूळ. म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सगळं चालत. पंच्याहत्तरीचा माणूस! मेंढरांनी शेजारच्या बागेची मेंदी खायला घेतलेली.

"अण्णा, चालत आलासा?"

"मंग? एसट्या बंद हायत्या."

"पोलिसांनी अडवलं न्हाई?"

"एकटा माणूस दिसला की काठी काढत्यात. मेंढरं संगं असली की कोन इचारत न्हाई. म्हणून पाच आणली."

तोवर सगळ्या बाल्कन्या भरल्या. सुभेदार बनियनवरच खाली आले.

"सर, हे कोण?"

"वडील."

"कुणाचे?"

"माझे."

सुभेदारांनी अण्णांना पायताणापासनं मुंडाशापर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "आणि मग ते गेले ते?"

"तेच हे."

वरनं शिंदेकाकू ओरडल्या, "अगं बाई! आणि मी सोमवारी उपास धरला की हो त्यांच्यासाठी!"

अण्णा कुणाकडं बघत नव्हते. नुसतं माझ्याकडं. म्हणाले, "तान्या, टावेल काढ."

काढला.

"त्योबी काढ तोंडावरचा."

मास्क काढला. अण्णांनी माझं डोकं बघितलं, मग नाकाखाली बघितलं. घाई न करता, मेंढराचं खूर बघावं तसं बघितलं.

"पाटील म्हणला तवा मला खरं वाटंना," ते म्हणाले. "म्हटलं, माझा ल्योक आसं करायचा न्हाई. कायतरी घोळ आसंल. म्हटलं, सोताच्या डोळ्यानं बघून यावं."

"अण्णा, शप्पथ, केस कापताना चुकलं. मुद्दाम न्हाई केलं."

"आसंल. मग ह्या लोकास्नी का न्हाई सांगितलं, बा जित्ता हाय म्हणून?"

पिठलं चांगलं होतं म्हणून सांगू? दुधाला नंबर लवकर लागत होता म्हणून सांगू?

काकूंनी बाल्कनीतनं दोरीला पिशवी बांधून चहाचा पेला खाली सोडला. बाजीरावनं तो गेटाच्या गजांतनं अण्णांना दिला. अण्णा उभ्यानंच प्याले.

"अण्णा, माफ करा हो," काकू वरनं म्हणाल्या. "तुमच्या नावानं आम्ही आठवडाभर ह्यांना डबे दिले."

"मग जेवला का त्यो पोटभर?"

"जेवले की."

"मग झालं," अण्णा म्हणाले.

मला ते ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

सुभेदार कडक माणूस, पण तेही विरघळले. "सर, नियम तुमचाच आहे, पाटी तुमचीच आहे. पण पार्किंगमधली खोली रिकामी आहे. चौदा दिवस तिथं राहू द्या वडिलांना. कुणी काही म्हणणार नाही."

अण्णांनी पाटीकडं बघितलं. "ही पाटी तू लिवलीस?"

मी मान हलवली.

"मला वाचाय येत न्हाई. पर रंग झ्याक दिल्यात."

"अण्णा, आत या. खोली देतो म्हणतायत," मी म्हटलं.

"ऱ्हायाला कोन आलंय? बघाय आलतो. बघितलं."

आणि वळले. आता खरी गोष्ट सांगतो, जी मी हिला पण दोन वर्षं सांगितली नव्हती. गेटची कडी माझ्या हाताशी होती. काढायला कितीसा वेळ लागतो? कडी काढायची, बाहेर जायचं, त्यांचा हात धरायचा. मी काढली नाही. अकराही घरं बघत होती. कडी काढली तर उद्या लोक म्हणतील, सचिवानंच नियम मोडला. एवढं सगळं होऊन मला नियमाची पडली होती! अण्णांनी मेंढरांना हाळी दिली आणि कोरेगावच्या रस्त्याला लागले. बाजीरावच त्यांच्यामागं भाकरी घेऊन पळाला, मी नाही.

डबे बंद झाले, हे सांगायला नकोच. ग्रुपवर समईच्या फोटोखाली कुणीतरी हसरं तोंड टाकलं आणि विषय संपला. पुढच्या महिन्यात सचिव बदलले. केस आले, मिशी आली.

लॉकडाऊन उठल्या उठल्या मी गावाला गेलो. अण्णा नीट बोलले. पावसाचं बोलले, चाऱ्याचं बोलले. त्या दिवसाचा शब्द नाही. मला वाटलं, विसरले. पुढं चार वर्षं मी दर सणाला जायचो आणि म्हणायचो, अण्णा, चला साताऱ्याला. ते म्हणायचे, "मेंढरं कुनाकडं ठिवू?" मेंढरं विकली, तरी तेच म्हणायचे.

गेल्या साली अण्णा गेले. खरे गेले. मी होतो जवळ, पाणी मी पाजलं. दहाव्याला माणगंगेच्या काठावर सगळी भावकी जमली. न्हाव्यानं पाट मांडला, वाटीत पाणी घेतलं. मी टोपी काढली आणि बसायला गेलो, तर चुलत्यानं माझ्या दंडाला धरलं.

"तू नगं तान्या."

"का?"

चुलते इकडंतिकडं बघायला लागले. बोलू की नको, असं चाललेलं त्यांचं. मग हळू आवाजात म्हणाले, "अण्णा सांगून गेल्यात. म्हणलं, तान्याला बसवू नगा. त्येनं माझ्यासाठनं एकदा डुई केलीया, म्या जाऊन बघून आलोय. दुसऱ्यांदा कशाला?"

मी लई विनवण्या केल्या. रडलो. पण मेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडतंय? माझ्या जागी माझा चुलतभाऊ बिरा बसला. त्यानं केस दिले, मिशी दिली. मी शेजारी उभा, भांग पाडलेला, मिशी राखलेला.

अण्णांना ओळखणारी माणसं लांबलांबनं आली होती. मेंढरांमागं फिरताना जोडलेली, कुणी म्हसवडचं, कुणी पार जतच्या पलीकडचं. मला त्यातलं कोण ओळखतंय? प्रत्येकजण यायचा, बिराला मिठी मारायचा, "बा गेला रं लेकरा तुझा" म्हणून रडायचा. मग डोळे पुसून माझ्याकडं वळायचा आणि विचारायचा, "पाव्हणं, तुमी कुठनं आलासा?"

मी सांगायचो, "साताऱ्यासनं."